मुंग्यांची रांग आणि पहिले शील

भीमजयंतीच्या पताका अजून वाऱ्यावर हलत असतात, तोच आमच्या घरात मुंग्यांची वर्दळ सुरू होते. होळीपर्यंत त्या कुठे दडलेल्या असतात कोण जाणे! पण चैत्राचे ऊन तापू लागले, की एके सकाळी चुलीमागच्या भिंतीवर एक बारीक काळी रेघ दिसते. आधी वाटते, भिंतीला तडा गेला. जवळ जाऊन पाहावे तर तडा चालतो आहे! दुसऱ्या दिवशी ती रेघ साखरेच्या डब्यापाशी, तिसऱ्या दिवशी गुळाच्या बरणीत, आणि आठवडाभरात लेकराच्या अंथरुणापर्यंत. शहापूर-मुरबाडकडच्या कोणत्याही घरी एप्रिल-मे महिन्यात जा, हेच गाऱ्हाणे ऐकू येईल. घर स्लॅबचे असो, कौलारू असो, नाहीतर कारवीच्या कुडाचे असो, मुंगी कुठेच भेदभाव करीत नाही.

विषय लहान आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु याच लहान विषयाने आमच्या घरावर एकदा मोठा प्रसंग आणला, आणि याच विषयाने आम्हाला पंचशीलातल्या पहिल्या शीलाकडे पुन्हा नीट पाहायला लावले. आमच्या हातून जे चुकले ते दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

आमच्या वस्तीत दर वर्षी बुद्धपौर्णिमेला खीरदान असते. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली त्याची आठवण म्हणून घराघरातून वर्गणी निघते, आणि विहारापुढे मोठ्या टोपात खीर शिजते. २०१३ साली खिरीची साखर आमच्या घरी ठेवली होती. दहा किलोची पिशवी, तोंड सुतळीने घट्ट बांधलेले. आम्ही निर्धास्त होतो. आदल्या रात्री पिशवी उघडली आणि पोटात धस्स झाले. साखर पांढरी दिसतच नव्हती. तांबड्या मुंग्यांनी पिशवीला खालून भोके शोधून काढली होती आणि भिंतीपासून पिशवीपर्यंत बोटभर रुंदीची रांग लागली होती. साखर वर्गणीची, लोकांच्या विश्वासाची. सकाळी लोकांना काय तोंड दाखवायचे? रागाच्या भरात आम्ही चुलीवरचे उकळते आधण उचलले आणि भिंतीवरून ओतले. रांग होती तिथे काळपट चिखल उरला. रात्रभर परातीत साखर पसरून, चाळून, पाखडून आम्ही ती वाचवली. खीर झाली, लोकांनी आवडीने खाल्ली.

सकाळी विहारात सगळ्यांबरोबर आम्हीही हात जोडून त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. घरी परतताना आमची थोरली मुलगी, तेव्हा चौथीत होती, ती मध्येच थांबून म्हणाली, "आपण आत्ता म्हटलं ना, कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही म्हणून? मग काल रात्री गरम पाणी कशाला ओतलं?" आमच्यातल्या एकाने तिला दटावले, "गप बस, मुंग्यांना काय कळतंय!" पण मागून काठी टेकीत येणारी आजी हसली आणि म्हणाली, "तिला का गप करताव? पोरीनं बराबर पकडलंय तुम्हाला."

त्या दिवशी आम्ही तो विषय हसण्यावारी नेला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या मे महिन्यात, मुंग्या पुन्हा आल्या. या वेळी त्या तांदळाच्या कोठीखाली आणि अंथरुणांच्या वळकटीत शिरल्या. धाकटी मुलगी तीन वर्षांची होती. रात्री तिच्या पायाला आणि कानामागे मुंग्या डसायच्या, गांधी उठायच्या, पोर रडून रडून जागी राहायची. एका ओळखीच्याने सांगितले, "भाताच्या रोपाला टाकायचं दाणेदार औषध आहे आमच्याकडे, मागच्या हंगामातलं उरलेलं. भिंतीकडेला टाका, मुंगी नावाला राहायची नाही." वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून आली. आम्ही ती कोठीच्या कडेने, दाराच्या उंबऱ्याला, मोरीजवळ टाकली. मुंग्या खरेच गेल्या. आम्हाला हायसे वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी कोठीजवळ भातुकली खेळत होती. थोड्या वेळाने ती उठून आली ती लाळ गाळीतच. मग उलट्या, अंगाला घाम, डोळ्यांतून पाणी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झालेल्या. हात पाहिले तर बोटांना दाणे चिकटलेले. तिने त्या दाण्यांचा भात शिजवला होता! शेजारच्याच्या जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषधाचे नाव काय? पुडी कुठे आहे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुडीवर नाव नव्हतेच, होती ती जुन्या वर्तमानपत्रातली अर्धी बातमी. लक्षणे पाहून डॉक्टरांनी ओळखले आणि इंजेक्शनावर इंजेक्शन दिले. तीन रात्री आम्ही तिच्या उशाशी बसून काढल्या. ती वाचली. आज ती शाळेत जाते, धावते, भांडते. पण तो दिवस आठवला, की अजूनही घशाला कोरड पडते. मुंगी डसली तर दोन दिवसांत बरी होणारी गांधी उठते. आम्ही मात्र तिला हटवायला घरात मरण पसरून ठेवले होते.

चूक कुणाची? औषध देणाऱ्याने चांगल्या मनाने दिले होते. चूक आमची. शेतातले विष घरात आणायचे नसते, हे समजण्याइतके आम्ही शिकलेले होतो. रोज लेकरांना बाबासाहेबांचे शिक्षणाचे महत्त्व सांगत होतो, पण हातातल्या पुडीवर नाव नाही, एवढे पाहण्याची तसदी आम्ही घेतली नाही.

पुढे माहिती घेतली तेव्हा कळले, की अशा कित्येक औषधांवर सरकारनेच बंदी आणली आहे. पूर्वी घरोघरी भिंतीकडेला जी बीएचसीची पांढरी पावडर फवारली जाई, तिच्यावर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. भातशेतीत वापरले जाणारे दाणेदार फोरेट २०१८ च्या सरकारी आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. पण बंदी कागदावर येते आणि जुनी पुडी माळ्यावर तशीच राहते. म्हणून आमची सर्व माता-भगिनींना हात जोडून विनंती आहे. आजच्या आज माळा, गोठा, पडवी तपासा. नाव नसलेली, जुनी, सुटी औषधाची पुडी सापडली तर ती लेकरांच्या हाती लागणार नाही अशी बंद करून ठेवा, आणि तिचे काय करायचे ते कृषी सहायकाला विचारा. ती विहिरीजवळ, ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. चुलीत तर मुळीच घालू नका. आणि दुर्दैवाने कधी असा प्रसंग आलाच, तर मीठपाणी पाजून जबरदस्तीने उलटी करायला लावू नका. लेकराचे हात-तोंड धुवा, कपड्यांना औषध लागले असेल तर ते बदला, १०८ ला फोन करा, आणि औषधाची पुडी, डबा, जे असेल ते बरोबर न्या. डॉक्टरांना ते नाव कळले तर निम्मा वेळ वाचतो.

त्या वर्षी वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाचन अहिंसेच्या भागापर्यंत आले तेव्हा आम्ही कान टवकारून बसलो. आमच्या मनात थोरलीचा प्रश्न होता आणि धाकटीचा चेहरा होता.

बाबासाहेबांनी तेथे फार स्पष्ट विचार मांडला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. केवळ इच्छेपोटी जीव घेणे बुद्धाला मान्य नाही. तसेच तत्त्व आणि नियम यांतही फरक आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते, आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही टाकते. अहिंसा हे तत्त्व आहे. सर्वांवर मैत्री करावी, म्हणजे कुणाला मारावेसे वाटणारच नाही, असा त्याचा गाभा आहे.

वाचनानंतर चर्चा झाली. एका वयस्क उपासकांनी विचारले, "म्हणजे मुंगी मेली तर शील मोडले की नाही?" वाचन करणाऱ्या बौद्धाचार्यांनी सांगितले, की धम्मात चेतनेला, म्हणजे मनातल्या हेतूला, महत्त्व आहे. समोर जीव आहे हे माहीत असणे, त्याला मारण्याचा हेतू धरणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि त्यातून तो जीव मरणे, असे सगळे जुळून आले म्हणजे ती हिंसा. चालताना नकळत पायाखाली मुंगी आली तर ती वेगळी गोष्ट. पण नकळत होऊ नये म्हणून जपणे हेही धम्मातलेच आहे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळायचे साधन आहे, ते याचसाठी. वर्षावासाची प्रथा पडली तीसुद्धा, पावसाळ्यात भिक्खू हिंडतात आणि हिरवे गवत व बारीकसारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केल्यावर. भगवंतांनी लोकांची तक्रार ऐकली आणि चार पावले मागे घेतली.

आम्ही घरी येताना एकमेकांना विचारले, आपल्याला मुंग्या मारण्याची गरज होती, की इच्छा? खरे उत्तर असे, की गरज होती साखर वाचवण्याची आणि लेकराला डसू न देण्याची. मारणे ही आमची सवय होती. गरज दुसऱ्या मार्गाने भागते का, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आम्ही पाठ म्हणत होतो. पण पाठ म्हणणे निराळे आणि चुलीजवळ पाळणे निराळे.

तेव्हापासून आम्ही मुंगीला शत्रू न मानता ती का येते ते पाहू लागलो. थोरलीने शाळेतल्या बाईंना विचारून, पुस्तके आणून वाचून दाखवले. मुंगीच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा तापली की तिचे चलनवलन वाढते. म्हणून थंडीत ती दिसत नाही आणि उन्हाळ्यात धावते. जमीन तापून कोरडी पडते, तेव्हा तिला ओलावा आणि गारवा हवा असतो. आमच्या घरात हंड्याच्या बुडाशी ओल असते, मोरी गार असते. त्यातच हा हंगाम आंब्याचा, फणसाचा, मोहाच्या फुलांचा. आमच्या भागात मोहाची फुले अंगणात वाळत घातलेली असतात, त्यांचा गोड वास सुटतो. म्हणजे मुंगीला आमंत्रण आम्हीच देतो.

रांगेचे गुपितही कळले. आधी एकटी-दुकटी मुंगी अन्न शोधत हिंडते. तिला साखरेचा कण सापडला, की ती परत जाताना पोट जमिनीला टेकवीत वासाची रेघ ओढत जाते. त्या वासावरून दुसऱ्या येतात, त्याही आपला वास टाकतात, आणि रांग पक्की होते. अन्न संपले की कोणी वास टाकीत नाही, आणि रांग विरून जाते. एवढे समजले आणि आमचा निम्मा प्रश्न सुटला. रांगेवरून कोरडे फडके फिरवले तर मुंग्या मरतात, पण वास राहतो, आणि तासाभरात दुसऱ्या येतात. तेच साबणाच्या पाण्याने जागा स्वच्छ पुसली तर वाटच पुसली जाते.

आता आम्ही करतो ते असे. सकाळी लवकर, पहिली मुंगी दिसली की लगेच, तिने आणलेला कण काढून टाकतो. रांग लागली असेल तर ती न मारता आधी अन्न उचलतो. थोडा वेळ गेला की मुंग्या आपोआप पांगतात. मग साबणपाण्याच्या फडक्याने भिंत आणि जमीन पुसतो. सारवलेली जमीन असेल तर लिंबाचा रस घातलेल्या पाण्याचा हात फिरवतो. त्यानंतर भोक शोधतो. भिंतीतली फट सिमेंटने, नसेल तर ओल्या साबणाचा गोळा दाबून बुजवतो. कुडाच्या भिंतीला लाल मातीचा गिलावा घट्ट करून लावतो.

साखर, गूळ, मोहाची फुले आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. पिशवीवर भरवसा ठेवत नाही, खीरदानाची साखर तर मुळीच नाही. दूध-दह्याचे भांडे पाण्याच्या परातीत ठेवतो. खाटेचे पाय आणि कोठीखालचे दगड पाण्याच्या वाट्यांत ठेवतो. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले की मुंगीला त्यावरून चालत जाता येत नाही. मात्र हे पाणी दर दोन-तीन दिवसांनी फेकून वाटी घासली पाहिजे, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतील, म्हणजे मुंगी गेली आणि ताप आला. तांदूळ कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरतो. डाळीला एरंडेलाचा हात फिरवतो. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवत नाही. लेकरांना अंथरुणात बिस्कीट द्यायचे नाही, हा घरातला नवा कायदा. सर्वांत जास्त तोच मोडला जातो!

हळद, लवंग, कापूर, मिठाची रेघ, हेही आम्ही करून पाहिले. थोडा वेळ मुंगी बिचकते, मग दुसरी वाट काढते. महागाईच्या दिवसांत किलोभर हळद भिंतीकडेला घालण्यात अर्थ नाही. बाजारात मिळणाऱ्या औषधी खडूबद्दलही एक सांगायचे आहे. तो फळ्यावरच्या खडूसारखाच दिसतो, आणि लेकरे तो उचलतात. त्यात कीटकनाशक असते. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात तो नसलेला बरा.

एवढे करूनही तांबड्या डसणाऱ्या मुंग्यांनी लेकराच्या खाटेखालीच घर केले तर? तेव्हा गरज खरी असते, हे आम्ही मान्य करतो. अशा वेळी पेलाभर साखरपाण्यात अर्धा लहान चमचा बोरिक पावडर विरघळवून, कापसाचा बोळा भिजवून, भोके पाडलेल्या बंद डबीत ठेवतात. मुंग्या ते हळूहळू वारुळात नेतात आणि काही दिवसांत वारूळ ओसरते. हे मारणेच आहे, त्याला दुसरे गोड नाव देऊ नये. आम्ही गेल्या दहा वर्षांत ते दोनदा केले. डबीवर नाव लिहून, लेकराचा हात न पोचेल अशा जागी ठेवून. आणि दोन्ही वेळा आजीला सांगून. आजी म्हणाली, "लेकरासाठी करताव, राग म्हणून नाय ना? मग करा. पण आधी सगळं करून बघा." ग्रंथात वाचलेला इच्छा आणि गरज यांतला फरक आजीने दोन वाक्यांत सांगितला. तिला वाचता येत नव्हते.

मुंगी डसली तर जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये. पण कुणाचा चेहरा सुजू लागला, श्वास लागू लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठावा.

मुंग्यांविषयी आपल्याकडे समजुती तरी किती! काळ्या मुंग्या आल्या तर पैसा येतो, तांबड्या आल्या तर संकट येते. अमुक वारी मुंग्यांना साखर-पीठ घातले की ग्रहपीडा टळते. आपल्यातलीही काही घरे अजून हे करतात, म्हणून स्पष्ट लिहितो. मुंगीला तुमचा पैसाही कळत नाही आणि तुमचा ग्रहही. ती येते ती साखरेच्या वासाने. मुंग्या तोंडात पांढरे दाणे घेऊन चालल्या की लोक म्हणतात, अंडी घेऊन निघाल्या, पाऊस येणार. ती बहुतेक वेळा अंडी नसतात, तिची अळ्या-कोषातली पिल्ले असतात. ओल-उष्णता बदलली की ती पिल्लांना सुरक्षित जागी नेते. पाळणा उचलून कोरड्या खोलीत नेणाऱ्या आईसारखीच.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. काही लोक म्हणतात, उच्च-नीच निसर्गातच आहे. मुंग्यांतही राणी आणि कामकरी असतात, मग माणसांत जाती असल्या तर काय बिघडले? त्यांना सांगावे, की बहुतेक प्रकारच्या मुंग्यांत कोणती अळी राणी होणार आणि कोणती कामकरी, हे प्रामुख्याने तिला मिळणाऱ्या खाण्यावर आणि संगोपनावर ठरते. कामकरी मुंगीचे कामही जन्मभर एकच नसते. बहुधा तरुणपणी ती वारुळात पिल्ले सांभाळते, वय झाल्यावर बाहेर अन्न शोधायला जाते. आणि राणी हुकूम सोडीत नाही, ती फक्त अंडी घालते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. मुंगीच्या वारुळात श्रमाची विभागणी आहे. ज्याला निसर्गाचा दाखला द्यायचा असेल त्याने आधी निसर्ग नीट पाहावा.

शास्त्रज्ञांनी २०२२ साली अंदाज बांधला, की पृथ्वीवरच्या मुंग्यांची संख्या दर माणसामागे सुमारे २५ लाख भरते. एवढ्या मुंग्या माती भुसभुशीत करतात, मेलेले किडे उचलतात, वाळवी खातात. मुंगी कुडाच्या घराची चौकीदारही आहे, हे आम्हाला उशिरा समजले. तिला जगातून घालवायचे नाही. तिला घरातून अंगणात न्यायचे आहे, एवढेच.

शेवटी आजीची गोष्ट सांगून थांबतो. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची फार ओढ होती. विहीर तळाला गेली होती, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. ज्या शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा तलाव बांधून झाला, ज्या तालुक्यातल्या भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या आया-बहिणी उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मुरबाडकडेही तेच. बारवी धरणाच्या जलाशयाखाली त्या तालुक्यातली गावे गेली, आणि पाणी गेले कारखान्यांना व शहरांना. अशा वेळी हंड्याच्या बुडाशी मुंग्यांची गर्दी झालेली पाहून आमचा संताप झाला. "आम्हालाच पाणी नाही, आणि यांना कुठून द्यायचं?" असे आमच्यातले कुणी बोलून गेले.

आजी काही बोलली नाही. तिने भांडी धुतलेले पाणी एका करवंटीत घेतले, त्यात चिंधी भिजवली आणि ओसरीच्या बाहेर, मुंग्यांच्या वाटेवर, भिंतीच्या सावलीत ठेवली. म्हणाली, "आमच्या आईला सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवायची बंदी. लांब उभी राहायची. कुणी वरनं ओतलं तर पाणी, नाय तर रिकामा हंडा. महाडला बाबासाहेब गेले म्हणून आपल्याला पानी. तहानेल्याला हाकलायचं आपण शिकू नये, बाय. त्याला वाट दाखवावी."

१९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आम्ही दर वर्षी भाषणात ऐकतो. त्या दिवशी ते आमच्या ओसरीवर ऐकले.

पुण्य म्हणून नव्हे, नवस म्हणून तर मुळीच नव्हे; पण ती करवंटी आम्ही अजून दर उन्हाळ्यात ठेवतो. चिंधी रोज बदलतो, म्हणजे डास होत नाहीत. सगळ्या मुंग्या तिकडेच जातात असे नाही. काही चुकार अजूनही हंड्यापाशी येतात. पण घरातली गर्दी कमी झाली, हे खरे. आजी आता नाही. करवंटीत पाणी घालायचे काम धाकटीने आपणहून घेतले आहे. तीच धाकटी, जिने एका दुपारी विषाच्या दाण्यांचा भात शिजवला होता.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेलाही खिरीची साखर आमच्याच घरी ठेवली आहे. डबा पत्र्याचा, झाकण घट्ट, खाली पाण्याची परात. सकाळी विहारात पहिले शील म्हणताना थोरलीने आमच्याकडे वळून पाहिले, तर या वेळी आम्हाला मान खाली घालावी लागू नये, एवढीच इच्छा आहे.

जयभीम!